खुर्चीच्या पाठीचा कल

अप्पा, पुस्तकं गुरुवारी जाणार आहेत. आज रविवार. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी जाड काळ्या मार्करनं तुम्हाला लिहिते आहे, कारण बारीक पेनानं लिहिलेलं आता मला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक राखाडी डाग बसला आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. तुम्ही आत्ता समोर येऊन बसलात तर तुमचे कान दिसतील, खांदे दिसतील, चेहरा दिसणार नाही. डॉक्टर म्हणाले, पूर्ण अंधार होणार नाही, पण वाचन आता विसरा. इथले डॉक्टर असंच बोलतात, एकदम, आणि मग हातात एक कागद देतात.

म्हणून कार्ल्सरूहेचं हे घर सोडून मी येना शहरात लेकीजवळ जाते आहे. तिच्या घरात नाही. तिच्यापासून दोन ट्रामथांबे अलीकडे म्हाताऱ्या माणसांसाठी एकेका खोलीची घरं आहेत, भिंतीवर लाल बटण असतं, पडलं की दाबायचं. त्या खोलीत पलंग, कपाट आणि दोन खुर्च्या मावतात. माझी दोनशे चौदा पुस्तकं मावत नाहीत. ती एका संग्रहालयाचं ग्रंथालय घेणार आहे. त्यांच्या फॉर्मवर एका रकान्यात तुमच्याबद्दल एक शब्द लिहिलेला आहे, आणि तो खोटा आहे. तो दुरुस्त करायला माझ्याकडे गुरुवार सकाळपर्यंतचा वेळ आहे. हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं, आणि बघा, कुठूनतरी लांबून सुरुवात करते आहे.

पुस्तकं कसली ते कळलं तर तुम्ही हसाल. सगळी जुन्या अमेरिकन फर्निचरची. त्या देशात पहिल्या दीडदोनशे वर्षांत लोकांनी हातानं जे केलं, त्या खुर्च्या, पेटारे, ड्रॉवरची उंच कपाटं, पाळणे, शिवाय कथलाच्या थाळ्या, गोधड्या, काचेच्या बरण्या, यांचे संदर्भग्रंथ, संग्रहालयांच्या याद्या, मापांसकट काढलेली रेखाचित्रं. तुमचे जावई होते तोवर पाहुण्यांना मोठ्या आवाजात सांगायचे, "आमच्या घरातलं फर्निचर खोक्यातून आणून स्क्रू पिळून जोडलेलं. पण बाईसाहेबांचं वाचन बघा, बोस्टनच्या सुतारांच्या खाली यायचं नाव नाही." पाहुणे हसायचे. तेही हसायचे. आणि पाहुणे गेले की कप विसळता विसळता हळूच म्हणायचे, "लेकीला एकदा सांगून टाक गं. आता मोठी झाली ती." मी म्हणायचे, सांगेन. ते गेले त्यालाही आता सहा वर्षं झाली.

सुरुवात तुमच्याच पुस्तकापासून झाली. तुम्ही गेल्यावर आईनं विचारलं होतं, तुला घरातलं काय हवं, तेव्हा ते निळ्या कापडी बांधणीचं पुस्तक आणि तुम्ही मला करून दिलेला पुस्तकाचा स्टँड, एवढंच मी बॅगेत घातलं. इथे आणून पुस्तक कपाटात ठेवलं आणि कित्येक वर्षं उघडलं नाही. मग इथली अमेरिकन सैन्याची वसाहत रिकामी व्हायला लागली. सैनिकांच्या बायकामुलांसाठी तिथे छोटं ग्रंथालय होतं. त्यातली काढून टाकलेली पुस्तकं केळ्यांच्या खोक्यांत भरून फाटकाबाहेर ठेवली होती, ज्याला हवं त्यानं न्यावं. मी लेकीला बालवाडीतून आणायला निघाले होते. वरच्याच खोक्यात तुमचं पुस्तक. तेच निळं कापड, पाठीवर तीच सोनेरी खुर्ची. रस्त्यातच उभी राहून मी चाळलं. विंडसर खुर्चीच्या पानाशी आले तर समासात कुणीतरी पेन्सिलीनं इंग्रजीत लिहिलेलं, की माझ्या नवऱ्यानं ही करून पाहिली, मागचे पाय आणखी तिरके हवेत. तिथेच फुटपाथवर बसून मी पानामागून पान बघत राहिले. त्या दिवशी लेक बालवाडीत सगळ्यात शेवटी उरली आणि माझ्यावर रुसली.

तेव्हापासून गोळा करायला लागले. पण माझा शोध इतरांच्या उलटा. जुनी पुस्तकं घेणारे लोक कोऱ्यासारखी प्रत शोधतात. वेष्टण शाबूत हवं, पानांवर डाग नको, आणि कुणी काही लिहिलेलं असलं तर नाकच मुरडतात. मला लिहिलेलीच हवी असायची. म्युनिकचे एक म्हातारे पुस्तकविक्रेते मला पोस्टकार्ड पाठवायचे, "बाई, एक फारच घाण प्रत आली आहे. तुमच्यासाठी बाजूला काढली." एका पुस्तकात पॉलिशचा अंगठा उमटलेला आहे. एकात कुणा विधवेनं घरातली कोणती वस्तू कोणाला दिली ते त्या त्या चित्राखाली लिहून ठेवलं आहे. एकात मुलानं प्रत्येक ड्रॉवरमध्ये एकेक उंदीर काढला आहे. त्या माणसांशी माझा संबंध काय? पण कुणीतरी त्यांचं पुसलं नाही, एवढं पाहून मला बरं वाटायचं, आणि लगेच वाईट.

एकदा इथल्या जुन्या बाजारात एका विक्रेत्याला मी नेहमीचं विचारलं. तो म्हणाला, "अमेरिकन फर्निचर? त्यांच्याकडे कसलं फर्निचर? हां, म्हणजे आमचे लोक इथून गेले आणि तिथे ठोकत बसले, ते?" मी हसले, पण ते खरंच होतं. तुमच्या पुस्तकात रंगवलेला पेटारा होता ना, निळ्या जमिनीवर लाल ट्युलिप आणि मध्ये मुलीचं नाव? तुम्ही विचारलं होतंत, "लाकडावर फुलं काढणारे हे कोण? आणि पोरीचं नाव कशाला घालतात?" मला तेव्हा सांगता आलं नव्हतं. ऱ्हाईन नदी ओलांडली की पलीकडे पाऊण तासावर एक खेडं आहे, तिथल्या छोट्या संग्रहालयात मी तसाच पेटारा पाहिला. तीच फुलं. ह्याच गावांतली माणसं अमेरिकेत गेली होती, अप्पा. आणि नाव लग्नाच्या मुलीचं असायचं, बाप करून द्यायचा. तिथे बाकावर बसून मला वाटलं, घरी जाऊन तुम्हाला पत्र टाकावं. तुम्हाला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

तुमचा सुतारखाना आठवतो. मिशन हॉस्पिटलच्या मागे, शवागाराला लागून पत्र्याची शेड. एका भिंतीला कुबड्या टांगलेल्या, दुसऱ्या भिंतीला शवपेट्या उभ्या. घरात आम्ही नुसतं पेट्या म्हणायचो. "आज दोन पेट्या आहेत," म्हणजे जेवायला उशीर. ख्रिस्ती माणूस वारला की तुम्ही काटकोनी गुण्या आणि पट्टी घेऊन आत जायचात आणि बाहेर आलात की चपला दोनदा झटकायचात. मी शाळेतून परत येताना त्या वाटेनं यायचं टाळायचे. कॉन्व्हेंटचा निळा पिनाफोर, पांढरे मोजे, आणि समोर पेटीच्या झाकणावर रंधा मारणारे तुम्ही. माझी फी मिशनच माफ करायची, तुमच्या कामामुळे. ते वर्गात कुणाला ठाऊक नव्हतं.

पुस्तक अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी दिलं होतं. त्यांच्या बंगल्यात पणजीची विंडसर खुर्ची होती, बोटीतून आणलेली. तिचे पाय खिळखिळे झाले तेव्हा ती तुमच्याकडे आली. तुम्ही आठवडाभर तिला नुसते बघत होतात. मग सगळी सुटी केलीत, एकेक काडी मोजलीत आणि पुन्हा जोडलीत. एक खिळा नाही. आम्हाला सांगत होतात, "सगळं एका जाड फळीत घुसवलंय. पाय खालून, पाठीच्या काड्या वरून. आणि एकही काटकोन नाही. हिच्यात गुण्या चालतच नाही, सगळं कलावर आहे." डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या, मागे रेलल्या आणि डोळे मिटून बराच वेळ तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन स्वतः शेडमध्ये आल्या. त्यांच्या त्या मिशनच्या मराठीत म्हणाल्या, "मिस्त्री, ह्या पुस्तकात माझ्या खुर्चीच्या सगळ्या बहिणी आहेत."

मग रविवारची सकाळ. आई चुलीपाशी भाकरी थापते आहे. तुम्ही तीनदा साबणानं हात धुऊन पाटावर बसला आहात, तरी बोटांतून सरसाचा वास जात नाही. समोर दुमडलेला टॉवेल, त्यावर पुस्तक. इंग्रजी मी वाचायचं आणि मराठीत सांगायचं.

"उंची छत्तीस इंच," मी वाचते.

"उंची काय सांगतात? उंची आंधळ्यालाही कळते. जाडी विचार."

"जाडी नाही लिहिलेली, अप्पा."

"मग लिहिणारा सुतार नाही. साहेब आहे."

"साहेबाला बूड टेकायला मिळालं की झालं," आई चुलीजवळून म्हणते. "जाडी तुम्हीच मोजा."

आणि तुम्ही खरंच मोजत होतात. मिशनच्या बंगल्यांतलं जे काही दुरुस्तीला यायचं, त्याच्यासारखं चित्र पुस्तकात शोधून शेजारी मापं लिहायचात. पाऊण इंच एक सूत. सव्वा इंच दोन सूत कमी, आठ सुतांचा एक इंच. कुठे साग लावला, कुठला सांधा सरसावर सोडला, कोणता पाय पावसाळ्यात फुगतो. कानावरची पेन्सिल जिभेला लावून, दाबून लिहायचात. पाचसहा वर्षांत पुस्तकाचे समास भरून गेले होते.

सातवीत असताना शाळेत पुस्तकांचं प्रदर्शन ठरलं. सिस्टर म्हणाल्या, घरातलं सगळ्यात सुंदर चित्रांचं पुस्तक आणा. आपल्या घरात एकच होतं. तुम्ही आनंदानं म्हणालात, "ने की." आणि मी दोन दुपारी बसून ते पुसलं. आधी खोडरबरानं, मग ड्रॉइंगच्या तासाला सिस्टरांनी दाखवल्याप्रमाणे शिळ्या पावाचा चुरा घासून. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. जिथे तुम्ही फार दाबून लिहिलं होतंत तिथे रबराला थुंकी लावली. मग ब्राऊन पेपरचं कव्हर, त्यावर लेबल, लेबलावर माझं नाव. पुस्तकात लिहू नये असं शाळेत शिकवलं होतं हे खरं. पुढे अनेक वर्षं मी स्वतःला तेच कारण दिलं. पण मी त्यासाठी पुसलं नव्हतं. त्या वकिलांच्या आणि मामलेदारांच्या मुलींना तुमचे सुतारी आकडे दिसू नयेत म्हणून पुसलं होतं.

सिस्टरांनी पुस्तक हातात घेऊन पानं उलटली. म्हणाल्या, किती स्वच्छ ठेवलंय, बघा मुलींनो. मग मला विचारलं, "तुझे वडील डॉक्टर आहेत का?"

"ते मिशन हॉस्पिटलमध्ये असतात, सिस्टर," मी म्हटलं.

यात एकही शब्द खोटा नव्हता. सिस्टरांनी मान डोलावली. त्या दिवसापासून वर्गात मी डॉक्टरांची मुलगी झाले, आणि ते टिकवायचं तर रविवारी तुमच्यासमोर बसून सुताराचं वाचन करणं मला जमेना. म्हटलं, अभ्यास आहे. दोन रविवार तुम्ही टॉवेल दुमडून ठेवलात. तिसऱ्या रविवारी ठेवला नाही. पुस्तक कव्हरासकट फळीवर गेलं, ते तुम्ही वर्षभर उघडलं नाहीत.

त्या वर्षाच्या शेवटी डॉक्टरीणबाई कायमच्या परत गेल्या. खुर्ची बरोबर नेली. नवे व्यवस्थापक आले, त्यांनी बंगल्यात त्या खुर्चीचा फोटो पाहिला आणि तशा सहा खुर्च्या सभेच्या खोलीसाठी हव्या म्हणाले. आधी एक नमुना करा. जमलं तर पेट्यांचं काम दुसऱ्या माणसाकडे देऊ, तुम्हाला वेगळी शेड, नव्या इमारतीचं सगळं लाकूडकाम तुमच्याकडे. तुम्ही घरी येऊन आईला सांगितलंत ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मापांची काळजी नाही. मापं माझ्याकडे आहेत."

मी खोलीच्या दारात उभी आहे. तुम्ही फळीवरून पुस्तक काढता, कव्हर बघून हसता, उघडता. एक पान. दुसरं पान. मग एकदम मधलं. मग शेवटून. आईच्या हातातली परात तशीच राहते.

"काय झालं?" आई विचारते. तुम्ही पुस्तक तिच्याकडे वळवता. तिला वाचता येत नाही, पण समास रिकामे झालेले तिलाही दिसतात. ती माझ्याकडे वळते. "अगं, बापाचं डोकं पुसून टाकलंस की गं!"

"तू गप," तुम्ही म्हणता. "शाळेत शिकवतात तसं केलं तिनं." आणि मग माझ्याकडे न बघता, "पुढच्या वेळी विचार."

एवढंच. मारलं असतंत तर बरं झालं असतं, असं लिहायची पद्धत आहे. मला तेव्हा तसं वाटलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतरचे चारपाच दिवस तुम्ही कामावर जाण्याआधी खिडकीशी उभे राहून पुस्तक उन्हात तिरकं धरायचात, डोळा पानाच्या कडेला लावून. काही आकडे सापडले. पायांचे सापडले. पाठीचा कल सापडला नाही, तिथे मी फार घासलं होतं. तो तुम्ही आठवणीनं धरलात. खुर्ची देखणी झाली होती. व्यवस्थापक चार माणसांसमोर तिच्यात बसले, मागे रेलले, आणि खुर्चीसकट उताणे पडले. कुणीतरी हसलं. दुसऱ्या महिन्यात शहरातून लोखंडी खुर्च्या आल्या. तुम्ही शेवटपर्यंत पेट्या करत राहिलात, आणखी सतरा वर्षं. दुसऱ्यांसाठी इतक्या पेट्या केल्यात, आणि तुमच्या सरणाला आलं ते वखारीतलं जळाऊ लाकूड, न तासलेलं.

त्या पडलेल्या खुर्चीच्या फळीतून तुम्ही मला पुस्तकाचा स्टँड केलात. दहावीचं वर्ष सुरू झालं त्या दिवशी माझ्या टेबलावर ठेवलेला होता. "मान वाकवून वाचतेस, दुखेल," म्हणालात. त्याचा कल अगदी बरोबर आहे, अप्पा. आत्ताही समोर आहे.

गेल्या महिन्यात लेक खोकी भरायला आली. ती येनाला भिंगांच्या संशोधनात आहे, उजेड हेच तिचं काम. माझ्यासाठी ठेवलेला मोठा दिवा तिनं वाटेतून काढून टेबलावर खाली ठेवला, शेजारी तुमचं पुस्तक उघडं पडलं होतं, त्याच्या पानावर उजेड आडवा पडला. ती थांबली.

"आई, इथे काहीतरी लिहिलेलं होतं. वार्टे माल, थांब, हलू नकोस." तिनं दिवा आणखी खाली धरला. "गेनाऊ, बरोबर! सगळ्या पानांवर आहे. कुणीतरी पुसलंय. शी, असं कोण करतं?"

ती पुस्तक येनाला घेऊन गेली, चारी बाजूंनी तिरका उजेड टाकून एकेका पानाचे फोटो काढले, आणि माझ्या कडेच्या नजरेला दिसतील एवढे मोठे छापून आणले. तुमचं अक्षर, अप्पा. टेबलाएवढं. पाऊण इंच एक सूत. मी डोकं तिरकं करून, कोंबडीसारखं, एकेक आकडा बघत होते. लेकीला मराठी कळतं, वाचता येत नाही. आकडे मात्र ओळखले तिनं.

"ओपांचं, आजोबांचं आहे ना हे?"

"हो."

"पण ओपा डॉक्टर होते. डॉक्टर खुर्चीच्या पायांची जाडी कशाला मोजेल?"

ती सहावीत असताना वंशवृक्ष काढायला सांगितला होता शाळेत. आजोबा काय करायचे, तिनं विचारलं होतं. हॉस्पिटलमध्ये असायचे, मी म्हटलं होतं. बाकीचं तिनं लिहिलं.

"छंद होता त्यांना," मी म्हटलं.

ग्रंथालयाच्या बाईंना माझा संग्रह हवा आहे तो त्या लिहिलेल्या प्रतींसाठीच. प्रत्येक प्रतीत कुणी लिहिलं, तो कोण होता, हे त्या नोंदवून ठेवणार आहेत. तुमची प्रत त्यांना सगळ्यात मोलाची वाटते. लेकीनं फोटो पाठवल्यावर त्यांनी मला फोन केला. म्हणाल्या, "एका डॉक्टरला लाकडाची इतकी जाण! हे एखाद्या कसलेल्या सुतारानं लिहावं तसं आहे." मी म्हटलं, "गेनाऊ." तंतोतंत. आणि पुढचं वाक्य तोंडात तयार असताना त्या पत्त्याविषयी बोलायला लागल्या, आणि मी त्यांना बोलू दिलं.

फॉर्म लेकीनं भरला आणि मला वाचून दाखवला. पेन्सिलीच्या नोंदी, देणाऱ्या बाईंचे वडील, भारतातल्या मिशन हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. "आल्झो, म्हणजे झालं, बरोबर?" तिनं विचारलं आणि माझं बोट सहीच्या रेघेवर नेऊन ठेवलं. माझे डोळे गेलेत, कान चांगले आहेत. मी सही केली. तिनं तो शब्द पेनानं लिहिलाय. रबरानं जायचा नाही, खोडावा लागेल, आणि खोडलेलं दिसतं. इथे सुताराला श्रायनर म्हणतात, येनाकडे टिशलर. कुठलाही चालेल. एकच शब्द आहे.

आज बुधवार झाला. लिहिता लिहिता तीन दिवस गेले, एका कागदावर आठच ओळी मावतात. हे सगळं मी त्या मोठ्या फोटोंच्या मागच्या बाजूला लिहिते आहे. एकदा वाटलं, पुस्तकातच ठेवून द्यावं, म्हणजे त्या बाईंना मिळेल. पण तिथे मराठी वाचणारं कुणी नाही, आणि मला ते ठाऊक आहे म्हणूनच तसं सुचलं. तेव्हा ते नको. माझ्याबरोबर येनाच्या खोलीत येईल, कपाटाच्या तळाशी.

आज लेकीचा फोन आला होता. उद्या आठला गाडी येईल, खोक्यांवर मीच आकडे टाकलेत, तू फक्त दार उघड, म्हणाली. मी म्हटलं, "अगं, त्या फॉर्मवर." ती म्हणाली, "हां, काय?" मी म्हटलं, "त्याची एक प्रत मला ठेव."

आता एकच सांगायचं राहिलं. विंडसर खुर्चीच्या पानावर, पाठीच्या काड्यांच्या शेजारी, जिथे मी पुसून पुसून कागद पातळ केला होता, तिथलंही तिनं वर काढलं. तिथे कल लिहिलेला नव्हताच, अप्पा. तिथे एक वाक्य आहे. 'पाठीचा कल पुस्तकात शेवटी बारीक अक्षरांत छापला असावा. पोरीला विचारणे.' मी लेकीकडून केळ्यांच्या खोक्यातल्या त्या दुसऱ्या प्रतीची शेवटची पानं वाचून घेतली. छापलेला आहे. अंशांसकट, चौथ्या ओळीत. ते कुणी पुसलं नव्हतं. फक्त मी वाचून दाखवायचं होतं, आणि मला अभ्यास होता.

त्या वाक्यावर बोट ठेवून लेकीनं विचारलं होतं, "हे आकडे नाहीत ना? हे काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "मापच आहे. जरा लांबलचक आहे, एवढंच."